एकवीस नंबरच्या गावाला

मी जेलात जाऊन आलो.

हां, थांबा. गेवराईचा पोरगा आन् जेल म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं आधी चोरीच्या वाळूचा हायवा ट्रकच उभा राहिला आसंल. खरं सांगा, राहिला ना? आमच्या तालुक्याची इज्जतच तशी हाय. आमी देवदर्शनाला जाऊन आलो तरी लोकं इचारतेत, "जामीन कवा झाला?" तर वाळू न्हाई, मारामारी न्हाई. मी गेलतो त्या जेलाला कुलूप न्हाई, गज न्हाईत, आन् तिथला जेलर मरून जमाना झाला. आन् प्रवासवर्णन म्हणून बर्फ, समुद्र, विमानाची खिडकी शोधत आसाल तर माफ करा. एक मोटारसायकल हाय. तिलाबी एकच आरसा हाय.

गेवराई

जेल म्हंजी धर्मापुरीचा जुना किल्ला. माझ्या बापाचं लग्न व्हायच्या आधी कवातरी तिथं एका पिच्चरची शूटिंग झालती. आमच्या जिल्ह्यात त्याला कुणी नावानं बोलवत न्हाई, "जेलवाला पिच्चर" म्हणलं की झालं. आमच्या घरी न अडकता चालणारी ती एकच सीडी होती, म्हणून मी ती इतक्या वेळा बघितली की शाळेत कविता पाठ नव्हती पण पिच्चर पाठ होता. जेलर, हिरो, हिरोची आई, दार उघडल्याचा कर्रर्र आवाज, सगळं माझ्या गळ्यात. त्याच्यावरच मी नकल्या झालो. आता गणपतीत, हळदीत, निरोप समारंभात लोकं मला बोलवतेत. खरं नाव आईलाबी आठवावं लागतं.

पिच्चर आसा हाय: इनामदाराचा शिकलेला पोरगा सूर्यकांत खोट्या खुनात जेलात जातो, कैद्यांना अ-आ-इ शिकवतो आन् शेवटी सुटतो. पण लोकांना पाठ हाय तो सूर्यकांत न्हाई. पाठ हाय तो एकवीस नंबर. संडासाची बादली वाहणारा कैदी. जेलर त्याला इचारतो, "नाव काय रे तुझं?" आन् तो चिरक्या आवाजात म्हणतो, "आमाला कशाचं नाव सरकार, नंबर हाय की!" जेलर हसतो, शिपाई हसतेत, सूर्यकांतबी गालात हसतो. माझी सगळ्यात चालणारी नक्कल हीच. मोबाइलवर लोकांनी लई फिरवली.

तीच बघून धर्मापुरीच्या अण्णाचा फोन आला. गावातले पुढारी. म्हणले, "आपल्या पिच्चरमंदी काम केलेल्यांचा सत्कार ठेवलाय. मंगल कार्यालयात पिच्चर दाखवायचा आन् मग तू यायचं स्टेजवर. एकवीस नंबर झालाच पायजे बरं का. साउंडवाला तुझाच आन."

साउंडवाला म्हंजी सलीम. माझा दोस्त, पहिलीपासून माझ्या मागच्या बाकावरचा. गाडीवर मागं तो, त्याच्या पाठीला मिक्सर. मिक्सर म्हंजी आवाज कमीजास्त करायचा डबा, चटणीचा न्हाई. कार्यक्रमाच्या दोन दिस आधीच निघालो, कारण सलीमचं म्हणणं, नव्या हॉलचा आवाज आधी कानानं बघावा लागतो.

मांजरसुंब्याचा घाट

घाटात माइकची पेटी पडली. मागून येणाऱ्या टेंपोवाल्यानं कचकन ब्रेक मारला आन् आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एका माइकची जाळी चेपली. सलीमनं तो बाळासारखा उचलला, फुंकर मारली आन् म्हणला, "नाक बसलं रे इसका."

वर हॉटेलात चहाला थांबलो. मला गप बसवत न्हाई. जेलरच्या आवाजात वरडलो, "कोण हाय रे तिकडं? दोन कैदी, दोन चहा!"

गल्ल्यावरचा माणूस खूश. त्यानं लगेच कपबश्या धुणाऱ्या गड्याला हाक मारली, "ए एकवीस नंबर! सायबाला चहा दे." तो गडी तोंड खाली घालून चहा ठिवून गेला. चेहऱ्यावरची माशीबी हलली न्हाई.

मी हसलो. सांगून टाकतो, हसलो. आमच्याकडं हे कायमचंच हाय. ज्याच्या हातात खराटा, बादली न्हाईतर दुसऱ्याची खरकटी ताटं, त्याचं नाव इचारायच्या भानगडीत कुणी पडत न्हाई. पिच्चरनं एक नाव देऊन ठिवलंय, तेच पुरतंय सगळ्यांना.

अंबाजोगाईत सुशीला खाल्ली. गेवराईच्या माणसाला "सुशीला खाल्ली" म्हणलं तर तो पोलिसात जाईल. पण ती बाई न्हाई; भिजवलेल्या चुरमुऱ्याला कांदा, मिरची, डाळ्याचं कूट लावून फोडणी देतेत. आमच्याकडं चुरमुरे फक्त चिवड्याला आन् भेळेला. इथं सकाळी सकाळी अख्खा गाव तेच खातो आन् वर लिंबू पिळतो. मी दोन ताटल्या हाणल्या. सलीमनं तीन, आन् वर मला म्हणला, "तू लई खातो बे."

अण्णाची ओसरी

धर्मापुरीत दुपारी पोचलो. अण्णाच्या ओसरीत गार पाणी, मग चहा, मग अण्णा. पांढरे कपडे, कपाळाला गंध, हातात दोन मोबाइल. भिंतीवर मोठ्ठा फ्रेम केलेला फोटो: पिच्चरमधला शिपाई, जेलचं दार उघडताना.

"ह्ये आमचे वडील," अण्णा म्हणले. "पिच्चरमंदी डायलॉग हाय त्यांचा."

मला पाठ हाय ना. शिपाई दार उघडतो आन् म्हणतो, "चला." बास. तेवढाच डायलॉग. मी अण्णाच्या वडलांच्या आवाजात म्हणून दाखवला, "चला." अण्णाच्या डोळ्यात पाणी आलं. देवाशप्पथ. एका "चला"वर त्या घरानं इतकी वर्षं काढली होती.

मग अण्णानं सत्कार कुणाकुणाचा ते सांगितलं. शिपाई झालेले त्यांचे वडील. घोडा दिला त्या देशमुखांचं घर. सूर्यकांतचा वाडा म्हणून ज्यांचा वाडा दाखवला ते. शूटिंगच्या लोकांना रोज दूध पाजलं ते.

"आन् कैदी?" सलीमनं इचारलं. "मागं रांगेत उभे कैदी गावचेच आसतील की."

"आसतील की," अण्णा म्हणले. "ती काय कलाकार हायेत व्हय? नुसती उभी व्हती."

घोड्याचा सत्कार चालतो. माणूस नुसता उभा होता.

किल्ला

संध्याकाळी ऊन उतरल्यावर किल्ल्यात गेलो. बुरूज पडलेत, आत बाभळी वाढल्यात, शेळ्या चरत्यात. पण पिच्चर पाठ आसला की दगडबी वळखू येतेत. हितं सूर्यकांतनं फळा लावलता. हितं जेलरनं छडी आपटली. मी एकेका जागी उभं राहून एकेकाचा आवाज काढायला लागलो, सलीम दगडावर बसून बघत होता. आन् आवाज काढता काढता माझं डोकं फिरायला लागलं.

कारण पाठ करताना माणूस इचार करत न्हाई. जागेवर उभं राहून बोललं की कळतं, कोण कुठं उभं होतं.

आता ऐका. सूर्यकांत जेलात वर्षभर हाय आन् त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडत न्हाई. आमच्याकडं लाइट जाते म्हणून मी स्वतःच्या बहिणीच्या लग्नात चुरगळलेला उभा होतो, आन् ह्यो जेलात कडक! त्याला नाव हाय, बाप हाय, आई हाय, लाडू घिऊन येणारी होणारी बायको हाय. दुसरा नाव आसलेला कैदी कोण? काळ्या. पारध्याचा. त्याचं नाव काळ्या, काम चोरी, तोंडाला काजळ फासून अजून काळा केलेला, आन् तो सूर्यकांतची चादर चोरतो. सूर्यकांत त्याला माफ करतो. काय उपकार! एवढ्या मोठ्या पिच्चरमंदी काळ्याला कुणी इचारत न्हाई की बाबा, तू खरंच चोरी केलती का तुलाबी खोट्यात आणलंय? खोटी केस फक्त इनामदाराच्या पोरावर होती, बाकीचे सगळे जन्मानंच खरे गुन्हेगार. बाई कैदी एकबी न्हाई. बाया बाहेरून येत्यात, गजाला धरून रडत्यात आन् डबा ठिवून जात्यात.

"आन् चाचा," सलीम म्हणला.

चाचा म्हंजी पिच्चरमधला मुसलमान कैदी. पांढरी दाढी, हातात माळ, सूर्यकांतवर आलेला वार स्वतःच्या छातीवर घेतो.

"आपला माणूस पिच्चरमंदी आला ना, मी घड्याळ बघतो," सलीम म्हणला. "अब मरेगा, अब मरेगा. आन् मरताना हिरोच्या मांडीवर. घरी बाल-बच्चे आसतील बे त्याचे, पण मांडी हिरोचीच पायजे. मी ल्हान होतो तवा माझ्या अब्बाला इचारलं होतं, आपण लोक हिरोच्या आधी कायको मरते? अब्बा म्हणले, चुप बैठ, पिच्चर हाय."

तो हसत सांगत होता. मला हसायला येईना.

किल्ल्याजवळ जुनं देऊळ हाय, काळ्या दगडाचं. बाहेरच्या भिंतीवर बायांच्या मूर्त्या: एक नाचती, एक आरशात बघती, एक तर चक्क काहीतरी लिहिती. मी तिथं लई येळ थांबलो, भक्तीनं न्हाई, रागानं. ज्यानं छिन्नी धरून ह्या कोरल्या त्यानं एकीचं तोंड दुसरीसारखं केलं न्हाई. दगडात केलंय त्यानं! आन् कॅमेरा आसून, जिवंत माणसं पुढं उभी आसून, पिच्चरवाल्याला मागच्या रांगेत एक माणूस वेगळा दिसला न्हाई. सगळ्यांना एकच टोपी, एकच मान खाली.

देवळापाशी पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांनी मला मोबाइलवरून वळखलं. "ओ नकल्या, एकवीस नंबर करा की!" सवयीनं केला. पोरं लोळली. त्यातलं एक म्हणलं, "खरा एकवीस नंबर बघायचा का? भीमनगरात ऱ्हातो. आमी त्याला चिडवतो."

तो माणूस जिवंत आसंल हे माझ्या डोक्यातच कवा आलं नव्हतं.

भीमनगर

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. विहाराच्या पायरीवर एक म्हातारा माणूस पेपर वाचत बसलेला. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, चष्म्याला दोरी. बादली-बिदली काय न्हाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी काढून रिटायर झालेले गुरुजी.

"जय भीम गुरुजी," मी म्हणलो.

"जय भीम. तू तो नकल्या ना? गेवराईचा? कर."

"काय?"

"माझी नक्कल. त्यासाठीच आलास ना? कर, लाजू नको. वर्गात पोरं माझ्या पाठीमागं करायची. तू पुढं करून दाखव."

आता काय करावं? सलीम माझ्याकडं बघाया तयार न्हाई. मी केली. चिरकी. "आमाला कशाचं नाव सरकार, नंबर हाय की!" पण निम्म्यातच आवाज बसला.

गुरुजींनी पेपरची घडी घातली. "झालं? आता ऐक. माझं नाव काशीनाथ लिंबाजी वाघमारे."

मी जन्मात इतके आवाज काढलेत, पण तसा आवाज ऐकला नव्हता. भारी, खालून येणारा, रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा. घाई न्हाई. एकेक अक्षर जागेवर ठिवलेलं.

"हा माझा आवाज," गुरुजी म्हणले. "तू काढतोस तो मुंबईतल्या कुण्या माणसाचा. मी त्याला बघितलेलंसुद्धा नाही."

त्यांच्या सुनेनं, सुनंदावहिनींनी, विहाराशेजारच्या घरातनं धपाटे आन् दही आणलं. आमच्या घरी धपाट्यात लसूण घालतेत, ह्यांच्यात तीळ आन् कोथिंबीरबी होती. खाता खाता गुरुजींनी सांगितलं.

तवा ते मॅट्रिक होऊन घरी होते. पिच्चरवाल्यांनी गावातली माणसं गोळा केली. अण्णाच्या वडलांना टोपी आन् दंडुका, ह्यांना बादली. कुणी वाटणी केली, कशावरून केली, ते काय सांगायची गरज न्हाई. आयत्या वेळी डायरेक्टर म्हणला, "जेलर नाव विचारेल, तू काहीतरी बोल, नुसतं तोंड हलव, आवाज आम्ही नंतर घालू."

"मी घरी जाऊन आईला विचारलं, काय बोलू? आई म्हणाली, नाव विचारलं तर नाव सांगावं. बापाच्या नावासकट सांगावं. दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर ताठ उभं राहून पूर्ण नाव सांगितलं, राहणार धर्मापुरी. डायरेक्टर म्हणाला, छान."

पिच्चर लागला तवा आईला घिऊन अंबाजोगाईला गेले. आईनं नवं लुगडं नेसलेलं. पडद्यावर पोराचं तोंड आलं, एवढं मोठं. आन् तोंडातनं निघालं ते चिरकं. सगळं थेटर हसलं.

"आईला काय कळणार आवाज घालणं-बिलणं. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, 'काश्या, तवा तुझ्या गळ्याला काय झालंतं रं?' मरेपर्यंत तिला वाटत होतं, मी घाबरलो होतो."

मी मोबाइल काढला, तो सीन लावला, आवाज बंद केला. सलीम आन् मी डोकं जोडून बघितलं. मला ते आधीपास्नं माहीत होतं की त्या सीनला ओठ जुळत न्हाईत. म्हणलं, जुना पिच्चर हाय, चालायचंच. आता आवाज बंद करून बघितलं तर स्वच्छ: का-शी-ना-थ. पुढं बापाचं नाव. पुढं गाव. ताठ मान, सरळ डोळे. त्या पोराच्या चेहऱ्यावर इनोदी काहीच न्हाई! इनोद सगळा वरून चिकटवलेला. अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझी. नाव सांगणाऱ्या माणसाच्या तोंडात "आमाला कशाचं नाव" कोंबायचं! आन् जिल्हाभर हसायचं! हॉटेलातल्या गड्यापर्यंत!

"अण्णाला सांगितलं का तुमी?" सलीमनं इचारलं.

"सांगितलं. म्हणालो, मला शाल नको, नारळ नको. पिच्चर दाखवाल तेव्हा तेवढ्यापुरता आवाज बंद करा आणि माझ्या हातात माइक द्या. माझं वाक्य मी बोलतो. गाव ऐकू दे एकदा. दुसरं मला काही नको."

"मग?"

"म्हणाले, बघू."

आमच्या भागात "बघू" म्हंजी काय, हे पाळण्यातल्या लेकराला कळतं.

सलीमनं दह्याचं बोट चाटलं. "गुरुजी, आवाज अण्णाच्या हातात न्हाई. माझ्या हातात हाय. मिक्सर माझा." मग माझ्याकडं वळला. "तू फक्त माइक नेऊन द्यायचा. समझा? सिर्फ माइक."

गुरुजी उठून घरात गेले आन् आतनं दोन-तीनदा त्यांचं नाव त्यांच्याच आवाजात ऐकू आलं. वहिनी हसून म्हणल्या, "आता दिवसभर हेच चालणार बघा."

मंगल कार्यालय

तिसऱ्या दिवशी भरदुपारी कार्यक्रम. खिडक्यांना लग्नातले पडदे लावून अंधार केलेला, तरी गुलाबी उजेड येत होता. पुढं सोफे. त्याच्यामागं खुर्च्या. भीमनगरची माणसं खुर्च्या सोडून पार मागं, भिंतीला टेकून. कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणाला सांगावं लागतच न्हाई, हाच तर राग हाय.

अण्णाचं भाषण झालं. "ह्या पिच्चरनं आपल्या गावाचं नाव केलं." नाव! मग शाली. शिपायाची शाल, वाड्याची शाल, दुधाची शाल, घोड्याची शाल. घोडा मेलाय, म्हणून त्याच्या मालकाच्या नातवानं घेतली.

मग पिच्चर. सलीम कोपऱ्यात मिक्सरपाशी. निवेदनबी माझ्याकडंच होतं म्हणून एक माइक माझ्या हातात होताच, दुसरा, तो नाक बसलेला, मी मागं नेऊन गुरुजींच्या हातात दिला आन् त्यांच्या शेजारीच उभा राहिलो. गुरुजींनी नवा सदरा घातलता. माइक त्यांनी दोन्ही हातानं धरलता, दिवा धरावा तसा.

सूर्यकांत आला. इस्त्री आली. काळ्यानं चादर चोरली, पुढचे सोफे हसले. मग बादली. जेलर पडद्यावर मोठा झाला. "नाव काय रे तुझं?"

सलीमनं आवाज खाली ओढला. अख्खा हॉल एकदम गप. नुसता पंख्याचा आवाज. पुढून कुणीतरी म्हणलं, "ओ, साउंड गेलं."

पडद्यावर काशीनाथ. कवळा, ताठ, मिशी फुटलेली. शेजारी काशीनाथ गुरुजी, माइक तोंडाशी. पडद्यावरचे ओठ उघडले.

गुरुजी बोललेच न्हाईत.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पडद्याकडं बघत होते. पडद्यावर ओठ हलतायत, हॉलमंदी आवाज न्हाई, पुढची टाळकी मागं वळायला लागली. स्टेजवरच्या माणसाला इचारा, एवढी शांतता म्हंजी काय आसतं. ती आली की माझं तोंड माझं राहत न्हाई. माझ्या हातातला माइक कवा वर आला मला कळलंबी न्हाई. आन् मी बोललो. त्यांच्याच आवाजात. रांजणातून.

"काशीनाथ लिंबाजी वाघमारे. राहणार धर्मापुरी."

शेवटचं "धर्मापुरी" ओठांवर नेमकं बसलं. एका अक्षराचा फरक न्हाई.

मागच्या भिंतीपास्नं टाळी सुरू झाली. एक, मग सगळ्या. बाया उभ्या राहिल्या. सुनंदावहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या. कालपर्यंत चिडवणारी पोरं खुर्च्यांवर चढून मागं बघत होती. एका म्हाताऱ्यानं येऊन गुरुजींचा हात धरला, "काय बोललात गुरुजी! काय आवाज!" सगळ्यांना वाटलं, तेच बोलले. अंधारात कोण बघतंय, कुणाचा माइक वर होता!

गुरुजींनी त्यांचा माइक हळूच खाली घेतला.

आन् नंतर

नंतर नुसत्या शिव्या. ओळीनं सांगतो.

पहिल्यांदा अण्णा, जेवणाच्या मंडपामागं. "तुला हसवाया बोलावलं व्हतं का भाषण कराया? नाटक लावलं का माझ्या कार्यक्रमात? माझ्या बापाच्या 'चला'ला एक टाळी न्हाई पडली, आन् त्याला अख्खा हॉल? पुन्यांदा ह्या गावात पाय टाकून दाखव!" मी म्हणलो, "अण्णा, खरं नाव सांगितलं, त्यात नाटक कसलं?" तर म्हणले, "नाव सांगायची गरज काय पण? इतकी वर्षं कुणाचं काय अडलं व्हतं?" मी त्यांच्याच आवाजात "बघू" म्हणलो आन् पळालो. अण्णाच्या शिव्यांचं मला काडीचं वाईट वाटलं न्हाई. उलट आंगावर मूठभर मास चढलं.

मग सलीम. वायरी गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडं न बघता. "माइक देना, बोला था. सिर्फ माइक. बोला था ना? आन् काय घाई होती तुला? पेनड्राइव्ह होता बे! पेनड्राइव्ह! जरासं मागं घेतला आसता, पुन्हा लावला आसता. दहा बार लावला आसता."

हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. आमच्या धंद्यात बोलायची हुकलेली जागा पुन्हा येत न्हाई, म्हणून तोंड पुढं. पिच्चर मागं नेता येतो, हे सीडी घासून घासून नकल्या झालेल्या माणसाला सुचू नये.

गुरुजींच्या अंगणात गेलो तवा ते एकटेच बसलेले. घरात माणसांची ये-जा चाललेली, वहिनी सगळ्यांना चहा देत होत्या, सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट. मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"उभा राहा. सरळ उभा राहा. कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"गुरुजी, ओठ हलत होते. तुमी गप होता. मला वाटलं, तुमाला जमंना..."

"जमंना? मला आई आठवली. त्या थेटरात ती माझ्या उजव्या बाजूला बसली होती. वाटलं, आज पण बसलीय. आवंढा गिळत होतो. माणसाला आवंढा गिळायला वेळ लागतो की नाही? तेवढा द्यायचा. पडदा गेला तर जाऊ द्यायचा. मी त्यानंतर बोललो असतो, पडदा संपल्यावर, दिवे लागल्यावर बोललो असतो. पण मीच बोललो असतो."

"पण गुरुजी, गावानं ऐकलं की. टाळ्या..."

"कुणाला टाळ्या? मघापासून जो येतो तो म्हणतो, काय बोललात! मी काय सांगू त्याला? नाही बाबा, मी नाही बोललो, तो गेवराईचा पोरगा बोलला? सुनेला सांगू? ती इतकी खूश आहे, तिला सांगू?" त्यांचा आवाज चढला न्हाई. वर्गात चढत नसंलच. "त्या मुंबईवाल्याचा आवाज वाईट होता. म्हणून इतकी वर्षं मला म्हणता तरी येत होतं की हा मी नाही. तुझा हुबेहूब आहे. आता मी काय म्हणू?"

मी तोंड उघडलं.

"बोलू नको," गुरुजी म्हणले.